केवढ्याला पडलं?

क्रूझवरून परत आल्यापासून ज्याचा फोन येतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो. समुद्र कसा होता, जेवण काय होतं, बोट लागली का, हे सगळं नंतर. आधी, "केवढ्याला पडलं?" आणि आकडा सांगितला की पुढचं वाक्यही ठरलेलं, "म्हणजे फुकटातच की!"

या 'फुकटात'बद्दल आज थोडं लिहायचं आहे. प्रवासवर्णन लिहीत नाही, ते आमचे हे लिहिणार आहेत म्हणे (तीन आठवडे वहीचं पहिलं पान चालू आहे). मला फक्त पहिल्या दिवसाबद्दल, बोटीवर चढण्याच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. माझं जे काही मत झालं ते त्याच दिवशी झालं.

लेक-जावई ह्यूस्टनला असतात. आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी गेलो होतो. एका बुधवारी रात्री जेवताना जावई फोनमधून डोकं वर काढून म्हणाले, "आई, सोमवारी गॅल्व्हस्टनहून कॅरिबियन क्रूझ आहे, पाच रात्रींची. माणशी चारशेच्या आत, करबिर सगळं धरून. येता का?" गॅल्व्हस्टन ह्यूस्टनपासून सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे विमानाचा खर्च नाही. आमचा अमेरिकेचा व्हिसा अनेकदा ये-जा करता येईल असा होता म्हणून जमलं. बोट मेक्सिकोला जाऊन परत येते, म्हणजे अमेरिकेत पुन्हा नव्याने शिरणंच ते, तेव्हा एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी या फंदात पडू नये. मेक्सिकोला मात्र वेगळा व्हिसा लागत नाही, अमेरिकेचा चालतो.

हो, मेक्सिको! कॅरिबियन म्हटल्यावर आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे काय येतं? १९७१ ची मालिका. रेडिओला कान लावून ऐकलेला सुनील गावसकर, पहिल्याच मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा. आणि आमच्या बाजूचा, मडगावचा दिलीप सरदेसाई, किंग्स्टनला २१२. यांच्या मनात पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान, आणि बोट जाणार कोझुमेल आणि कोस्टा माया या मेक्सिकोच्या दोन बंदरांना. समुद्र कॅरिबियनच, पण क्रिकेटचा गंधही नाही. ह्यांचं तोंड जरा उतरलंच होतं. असो.

आता हे स्वस्त का मिळतं ते सांगते, कारण ते मला जावयांनी फार छान समजावलं. संध्याकाळी सातनंतर मंडईत गेलं की मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते ना, तसंच. लोक क्रूझचं आरक्षण कितीतरी आधी करतात, पण पूर्ण पैसे भरायची मुदत निघण्याच्या साधारण दोन-तीन महिने आधी असते. तोवर बरेच जण माघार घेतात आणि खोल्या रिकाम्या राहतात. बोट एकदा धक्क्यावरून सुटली की रिकाम्या खोलीचा पैसा कायमचा बुडाला, तो पुढच्या आठवड्यात भरून काढता येत नाही. त्यात कंपनीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की तिकीट कितीलाही घेतलेलं असो, माणूस वर आला की खर्च करणार. दारू, जुगार, इंटरनेट, बंदरावरच्या सहली. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा बोटीवरच्या खर्चातून येतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात खोली मिळेल त्या भावात काढून टाकतात. खोली कुठली ते कंपनी ठरवणार, आपण निवडायची नाही. आम्हाला आतली मिळाली, खिडकी नसलेली. दिवा मालवला की सकाळ झाली की मध्यरात्र आहे ते कळत नाही.

इथवर सगळं मंडईसारखंच. फरक पुढे आहे. मेथी उतरत्या भावात गेली तर तोटा मेथीवाल्याचा. इथे चारशे डॉलरच्या खोलीतली चादर बदलायला बाराशेच्या खोलीतल्या चादरीइतकाच वेळ लागतो. खोलीचा भाव उतरला, पण बदलणाऱ्याच्या पाठीला काही तो सवलतीत वाकवता येत नाही.

सोमवारी साडेअकराला आम्ही धक्क्यावर पोचलो. आत शिरायची वेळ आधीच नेटवर घ्यावी लागते. बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या घरीच छापून, घडी घालून स्टेपल केल्या होत्या. रस्त्याच्या कडेलाच हमाल उभे, बॅगा त्यांच्या ताब्यात दिल्या की त्या एकदम संध्याकाळी खोलीच्या दाराशी दिसतात. पुढे पासपोर्ट, फोटो, क्ष-किरणांचं यंत्र, विमानतळासारखंच, फक्त लोक हसरे. सगळे सुट्टीवर निघालेले. कुणाच्या डोक्यावर गवताच्या टोप्या, एका अख्ख्या कुटुंबाचे एकाच रंगाचे सदरे, पाठीवर आजोबांच्या पंचाहत्तरीचा मजकूर.

मी मात्र बघत होते ते दुसरीकडे. आत जायच्या मार्गाला काच होती आणि खाली धक्का दिसत होता. बोटीच्या पोटातलं दार उघडं होतं आणि फोर्कलिफ्ट मुंग्यांसारख्या ये-जा करत होत्या. कलिंगडं, बटाटे, अंडी, दूध, कागदी रुमालांचे गठ्ठे. हीच बोट त्याच दिवशी पहाटे दुसऱ्या सफरीहून परत आलेली. सकाळी दहापर्यंत जुने प्रवासी उतरले, अकराला नवे चढायला लागले, चारला बोट निघणार. मधल्या वेळात हजारावर खोल्या झाडायच्या, चादरी-टॉवेल बदलायचे, न्हाणीघरं घासायची. शाळेत दोन तासांच्या मधे आम्हाला पाच मिनिटं मिळायची आणि तेवढ्यात फळा पुसून होत नाही म्हणून आम्ही शिक्षक कुरकुर करायचो! यांना एक सफर संपून दुसरी सुरू होईपर्यंत पाच-सहा तास, आणि आमच्यासारखी मेची सुट्टी कधीच नाही. आपला चढायचा दिवस हा आपल्या सुट्टीचा पहिला दिवस असतो. त्यांचा तो आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस.

खोल्या दीडनंतर मिळणार म्हणून सगळी जत्रा वरच्या मजल्यावर जेवायला लोटली. तिथेच तो भेटला. पंचविशी-तिशीचा मुलगा, हातावर उष्ट्या ताटल्यांची चळत. बोटीवर प्रत्येकाच्या छातीवर पट्टी असते, नाव आणि खाली देश. याच्या पट्टीवर इंडिया. मी ह्यांना "अहो, आमटीसारखं काहीतरी दिसतंय तिकडे" असं म्हणाले, तर हा वळला आणि म्हणाला, "तुमी खंयचे?"

आता सांगा, मेक्सिकोच्या आखातात, टेक्सासच्या धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, कुणी मालवणीत गाव विचारलं तर माणसाला काय वाटेल! मी म्हटलं, मालवण. तो वेंगुर्ल्याच्या बाजूचा. मी शाळेत मराठी शिकवायचे म्हटल्यावर लगेच मावशीची बाई झाले. किती वाजता उठलास विचारलं तर हसला. "बाई, आज नको. आज मराक पण येळ नाय. उद्या समुद्रात बोलूया." आणि गेला.

आमच्या भागात 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य लग्नाच्या बोलणीत अजून वजनदार आहे. गोव्यात तर पिढ्यान्‌पिढ्या तारवटी. सीडीसी काढायची, कोर्स करायचे, एजंटाच्या फेऱ्या मारायच्या आणि एकदा करार मिळाला की सहा ते नऊ महिने बाहेर. गावात चिऱ्याचं दुमजली घर दिसलं की ओळखावं, बोटीचा पैसा. माझ्या वर्गातून किती गेले त्याची मोजदाद नाही. मागच्या बाकावरचे, 'याचं काही व्हायचं नाही' म्हणून आम्ही सोडून दिलेलेही त्यात होते, आणि ते आज आमच्यापेक्षा अधिक जग बघून बसले आहेत. तेव्हा बोटीची नोकरी म्हणजे गुलामी, असला कढ मी काढणार नाही. ती पोरं स्वतः काढत नाहीत. पण दुमजली घरात त्यांची झोप किती रात्रींची झाली, तेही मी पाहिलेलं आहे.

कायद्याची गोष्ट जरा कोरडी आहे, पण सांगायला हवी. कंपनीचं ऑफिस अमेरिकेत, प्रवासी बहुतेक अमेरिकन, बंदर अमेरिकेतलं. बोटीच्या मागच्या अंगावर गाव लिहिलेलं असतं, तिथे मात्र होतं नसाऊ, म्हणजे बहामा. काही बोटींवर पनामा असतं, काहींवर बर्म्युडा किंवा माल्टा. ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा, त्यामुळे अमेरिकेतलं किमान वेतन या मुलांना लागू नाही. त्यांच्यासाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. चांगलाच आहे तो करार, तो नव्हता तेव्हाचे हाल जुन्या खलाशांना विचारा. पण त्यातला तासांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दोनपैकी एक मोजमाप धरायचं. एक तर आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम, किंवा मग आठवड्याला कमीत कमी ७७ तास विश्रांती. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी करा. दुसरं मोजमाप धरलं तर ९१ तास कामाला मोकळे राहतात. मी गणिताची नव्हे, तरी दोनदा करून पाहिली.

आता मुद्द्यावर येते. तिकिटाशिवाय माणशी रोज ठरावीक रक्कम कंपनी आपल्या खात्यात लावते. हिला ग्रॅच्युइटी म्हणतात. (हा शब्द ऐकला की आम्हा निवृत्त मास्तरांना भलतंच आठवतं आणि फायली डोळ्यांपुढे येतात.) ही बक्षिसी खोलीवाले, वाढपी आणि आतल्या बाजूला राबणारे यांच्यासाठी. नेहमीच्या बोटींवर ती सध्या रोजची सोळा ते वीस डॉलर असते. आमची सोळा होती, म्हणजे चौघांचे पाच दिवसांचे तीनशेवीस. आणि बऱ्याच बोटींवर खाली काउंटरवर जाऊन "काढून टाका" म्हटलं की काढून टाकतात. फारसं विचारत नाहीत.

निघायच्या आधी आम्हाला तीन वेगवेगळ्या घरांतून एकच सल्ला मिळाला होता. "पहिल्याच दिवशी जाऊन काढून टाका हं, शेवटच्या दिवशी रांग मोठी असते." सल्ला देणारी मंडळी हा ब्लॉग वाचतात. त्यांनी रागावू नये, पण मला हे पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते तोंडावर सांगायला जमलं नाही म्हणून इथे लिहिते.

तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे. पगार देणं कंपनीचं काम, आपलं नव्हे. एकदम बरोबर. ही अमेरिकन खोड आहे, वाढप्याचा पगार गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायची. तेही बरोबर. कंपनीने सरळ तिकीटच तेवढ्याने वाढवावं आणि पगारात घालावं, असं मलाही वाटतं. पण ती रक्कम काढून टाकल्याने कंपनीचं काय जातं? तिचं तिकीट विकलं गेलं, तिची दारू विकली जाणार आहे. चुकीच्या पद्धतीचा निषेध म्हणून तुम्ही जे कापता ते पद्धत चालवणाऱ्याच्या खिशातून जातच नाही. संस्थाचालकांवर राग म्हणून शिपायाची दिवाळी बंद केल्यासारखं आहे हे. आणि खरं बोलायचं तर निषेधबिषेध काही नसतो. 'केवढ्याला पडलं' या प्रश्नाचं उत्तर आणखी तीनशेवीसने कमी करता येतं, एवढंच असतं.

दुसरा मुद्दा आला होता की जो चांगली सेवा देईल त्याच्या हातात आपण रोख देऊ. ऐकायला छान. पण हातात दिलेलं पोचतं दिसणाऱ्याला. खाली धुलाईखान्यात चादरी उकळणारा तुमच्या कधी समोर येणार? भांडी घासणारा? रोख द्यायचीच असेल तर वर द्या की, कोण नको म्हणतंय!

तिसरा, "त्यांना त्यांच्या देशाच्या मानाने खूप मिळतं." हे वाक्य ह्यूस्टनमधल्या कोकणी माणसाने म्हणावं याची मला गंमत वाटते. आपल्या मुलांना अमेरिकेत पगार देताना कुणी 'तुमच्या देशाच्या मानाने' म्हटलेलं आपल्याला चाललं असतं का?

आणि याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, तिच्यामुळे माझं मत अगदी घट्ट झालं. निघायच्या आधी संकटाच्या वेळी कुठे जमायचं याची तालीम असते. पूर्वी सगळ्यांना जाकिटं घालून उभं करत, आता फोनवर चित्रफीत बघायची आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे निघा. बरेच जण पेला हातात घेऊन आले, हजेरी लावली आणि मागेही न बघता परत गेले. मला ते बघवेना. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती, तेव्हा ती चोवीस तासांत केली तरी चालायची. २०१५ पासून ती निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. आणि कोकणातल्या माणसाला इटलीपर्यंत जायची गरजच काय? १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. मी जन्मले त्यानंतर, पण लहानपणी भाऊच्या धक्क्यावर बोटीत पाय ठेवताना आजी हटकून त्या नावाचा उच्चार करायची आणि मग स्वतःच 'अभद्र नको' म्हणायची. त्या कोकण बोटीवर आम्ही वळकटी पसरून डेकवर बसायचो, आणि मालवणला पडावात उतरताना खलाशाने मनगट धरलेलं असायचं. त्या पकडीचं मोल त्या वयातही कळायचं.

तर आमच्या जमायच्या जागी हजेरी घ्यायला कोण उभं? हातात फलक घेतलेला एक वाढपी, शेजारी खोल्या झाडणारी एक बाई, आणि थोडं पलीकडे आमचा वेंगुर्लेकर, पिवळी टोपी घालून. भोंगा वाजला तर हीच माणसं आपल्याला जीवरक्षक नावेत बसवणार. त्याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना बोटीवर ताट उचलायचीही परवानगी नाही. त्यांनी आपल्याला शोधत यायचं, आणि आपण दोन तासांपूर्वी खाली जाऊन त्यांचे सोळा डॉलर काढून आलेले.

तालीम संपल्यावर आम्ही काउंटरवरून गेलो तेव्हा तिथे रांग होतीच. कुणी खोलीची तक्रार घेऊन, कुणी कार्ड चालत नाही म्हणून, आणि दोघा-तिघांचं बोलणं कानावर आलं ते त्याच कामासाठी. जावई क्षणभर थांबले. मी काही बोलले नाही. सासूने परदेशात जावयाला पैशांवरून शिकवू नये, एवढं मला कळतं. लेकच म्हणाली, "चला, वर बोट सुटताना बघायची आहे ना?" आणि आम्ही वर गेलो.

गॅल्व्हस्टनचं बंदर मागे पडताना फार सुंदर दिसतं. हे शहर ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात जवळपास वाहून गेलं होतं, हजारो माणसं गेली, आणि मग त्यांनी समुद्राला मोठी भिंत घातली. वर गाणी जोरात होती, लोक नाचत होते. ह्यांनी कठड्याला धरून अर्धा तास नुसतं पाणी पाहिलं. गावसकर विसरले असावेत.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्लेकर खरंच बोलायला आला, पाच मिनिटं. सोमवारी तो पहाटे चारला उठला होता आणि रात्री साडेअकराला झोपला, मधे दोनदा विश्रांती. करार संपायला अजून अडीच महिने. मुलगी आठ महिन्यांची झाली, त्याने ती फोनवरच पाहिली आहे. फोटो दाखवला. गोरीपान, कानात बाळी, अगदी रागीट चेहरा! बोटीवरचं इंटरनेट त्यालाही विकतच घ्यावं लागतं, आठवड्याचा हिशेब करून.

आता उत्तर. आम्हाला माणशी चारशेच्या आत तिकीट अधिक ऐंशी पडले. आकडा सांगताना मी हल्ली दोन्ही मिळूनच सांगते, आणि तुम्हीही किमतीची तुलना करताना तसंच करा, म्हणजे नंतर काउंटरवर जावंसं वाटणार नाही. जाणार असाल तर औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत ठेवा, ह्यांची रक्तदाबाची गोळी संध्याकाळी सातपर्यंत बॅगेतच फिरत होती. घरी केलेले पदार्थ आमच्या बोटीवर चालत नव्हते, बंद पाकिटातले चालतात. आणि वाढप्याच्या पट्टीवर इंडिया दिसलं तर गाव विचारा, पण चढायच्या दिवशी नको.